दुसऱ्या मताचा हिशेब



1952 च्या जानेवारीत मुंबई उत्तर मतदारसंघात लोकसभेसाठी मतदान झाले. निकालाच्या तक्त्यातल्या पहिल्या चार ओळी अशा होत्या. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांना 1,49,138 मते. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना 1,39,741. काँग्रेसचेच नारायण सदोबा काजरोळकर यांना 1,38,137. आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना 1,23,576. निवडून द्यायचे होते दोघे. पहिल्या क्रमांकाचे गांधी लोकसभेत गेले, दुसऱ्या क्रमांकाचे मेहता घरी बसले आणि त्यांच्यापेक्षा 1,604 मते कमी मिळवणारे काजरोळकर दिल्लीला पोहोचले.

यात कुणाची लबाडी नव्हती. मुंबई उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. त्यातली एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेचा निकाल आधी लावायचा, म्हणजे अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते असतील तो विजयी, आणि मग उरलेल्यांत जो सर्वांत पुढे असेल त्याला दुसरी जागा द्यायची, असा कायदा होता. त्या हिशेबाने काजरोळकरांची लढत मेहतांशी नव्हतीच, ती आंबेडकरांशी होती. मेहतांची लढत गांधींशी होती. पण चौघांनाही मते देणारे मतदार तेच होते, एकाच रांगेत उभे राहिलेले, आणि प्रत्येकाच्या हातात दोन मतपत्रिका होत्या.

राज्यघटनेचा मसुदा तयार करणारा माणूस घटना लागू झाल्यावरच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत 14,561 मतांनी हरला, ही गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली जाते. ती सांगताना काँग्रेसचा डाव, कम्युनिस्टांचे वैर, मुंबईकरांची कृतघ्नता असे सगळे येते. तक्त्याच्या तळाशी असलेला आकडा मात्र बहुतेक वेळा राहून जातो. 74,333 मते बाद झाली होती.

ती बाद कशी झाली हे समजायला त्या काळची मतदानाची रीत पाहावी लागते. मतपत्रिकेवर नावे नसत, शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी पडद्याआड मांडलेली असे आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. (या पेट्यांपैकी पुष्कळशा मुंबईतच, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या.) मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत सोडायची. द्विसदस्य मतदारसंघात त्याला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 63 याबाबत स्वच्छ होते. एकाच उमेदवाराला दोन्ही मते दिली तर एक धरायचे, दुसरे रद्द समजायचे.

फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. हत्तीला एक, झाडाला एक, असे मतदारांना सांगितले जात होते. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे याच मतदारसंघात उभे होते. दोन्ही मते एकाच पेटीत टाका, म्हणजे दुसरे मत कुजेल पण प्रतिस्पर्ध्याच्या पदरात पडणार नाही, असा प्रचार त्यांच्या बाजूने झाला, हा आंबेडकर आणि मेहता यांचा आरोप होता. दोघांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. हरल्याचे अंतर साडेचौदा हजार आणि वाया गेलेली मते त्याच्या पाचपट, तेव्हा हा निकाल लोकांचा कौल म्हणता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. निवडणूक लवादाने अर्ज फेटाळला.

लवाद चुकला असे म्हणणे कठीण आहे. ती 74,333 मते आंबेडकरांची होती असे धरायला काहीच आधार नाही. ती कुणा ना कुणाला आधी एकेक मत दिलेल्या मतदारांची दुसरी मते होती. सक्तीने ती दुसऱ्या पेटीत टाकायला लावली असती तर काही हत्तीकडे गेली असती, काही बैलजोडीकडे, काही भलत्याच अपक्षाकडे. आणि स्वतःच्या उमेदवारावर इतके प्रेम की दुसऱ्या कुणाला काही द्यायचेच नाही, असे मतदाराने ठरवले तर त्याला गुन्हा तरी कसे म्हणणार? तरीही तक्रार पोकळ नव्हती. तिचे मूळ पंधरा वर्षे मागे आहे.

1937 साली 1935 च्या कायद्याखाली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून आंबेडकर भायखळा-परळ मतदारसंघातून उभे राहिले आणि 13,245 मते घेऊन निवडून आले. त्यांनी हरवलेले काँग्रेसचे उमेदवार होते पळवणकर बाळू, हिंदू जिमखान्याचे गाजलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांना 11,225 मते पडली. तेव्हाही मतदारसंघ बहुसदस्य होता आणि मतदाराला एकाहून अधिक मते होती. फरक एवढाच की मुंबई प्रांतात तेव्हा संचयी मतदानाची पद्धत होती. मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या झोळीत टाकता येत आणि ती सगळी मोजली जात. विखुरलेल्या अल्पसंख्याकांना एका माणसामागे बळ एकवटण्याचा हा कायदेशीर मार्ग होता. 1937 मध्ये ज्या कृतीने मताचे वजन वाढले, तीच कृती 1952 मध्ये मत रद्द करणारी ठरली. त्याच शहरातल्या त्याच गिरणगावातल्या मतदाराने नेमके तेच केले असते तरी दोन निवडणुकांत दोन निकाल लागले असते.

मग 1952 चा नियम आला कुठून? इथे गोष्ट जरा अवघड होते, आणि ती टाळून आंबेडकरांबद्दल बोलणे त्यांच्यावरच अन्याय करणे होईल. 4 जानेवारी 1949 रोजी घटना समितीत वऱ्हाड-मध्यप्रांताचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली, की लोकसभेची निवडणूक बहुसदस्य मतदारसंघांतून संचयी मतदानाने, म्हणजे एका प्रकारच्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, व्हावी. अल्पसंख्याकांना राखीव जागांपेक्षा हा मार्ग अधिक सन्मानाचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याला उत्तर दिले आंबेडकरांनी. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, ती इथे नाही. आणि त्या पद्धतीने विधिमंडळ अनेक गटांत फुटते, स्थिर सरकार मिळत नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. नियम पुढे कायद्याने केला हे खरे, पण दिशा त्या दिवशी ठरली, आणि ती ठरवणाऱ्यांत आंबेडकर पुढे होते.

याला विरोधाभास म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण आंबेडकरांची भूमिका पाहिली तर त्यांच्या मनातला प्रश्न कुठली पद्धत गणिती दृष्ट्या सुबक, हा नव्हताच. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारापासून त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता. राखीव जागेवर निवडून येणारा माणूस कुणाच्या बहुमताने येतो? करारात संयुक्त मतदारसंघ मान्य झाले, म्हणजे राखीव जागेचा उमेदवार सगळ्यांच्या मतांनी ठरणार. अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवारांची यादी निवडायची अशी प्राथमिक निवडणुकीची सोय त्यात होती, पण ती तात्पुरती होती. 1945 साली ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू दि अनटचेबल्स’ या ग्रंथात आणि 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी हाच मुद्दा पुन्हा मांडला. दलित समाजात ज्याला आधार नाही, तोही इतरांच्या मतांवर दलितांचा प्रतिनिधी म्हणून बसू शकतो. काजरोळकर निवडून आले ते मतदारसंघातल्या सर्व मतदारांत आंबेडकरांपेक्षा जास्त मते मिळवून. त्यांतल्या दलित मतदारांचा कौल काय होता हे गुप्त मतदानात वेगळे काढून मोजता येत नाही. तेव्हा ‘बहुमत काजरोळकरांना’ हे विधान एका अर्थाने बिनतोड खरे आणि दुसऱ्या अर्थाने तपासताच न येणारे. 1955 साली फेडरेशनने विधिमंडळांतल्या राखीव जागाच बंद करा असा ठराव केला, त्याच्या मागे हा अनुभव होता.

जाता जाता एक नोंद. 1952 मध्येच आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. राज्यसभेची निवडणूक आमदारांच्या पसंतीक्रमाच्या मतांनी, म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने होते. मतदार साक्षर आहेत याची तिथे खात्री होती.

आता भंडारा. आंबेडकरांच्या दुसऱ्या पराभवाचे हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे पोटनिवडणूक झाली कशामुळे, हे फारसे सांगितले जात नाही. 1952 मध्ये भंडाऱ्याच्या सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले होते. मूलजी सिक्का आणि कंपनी या विडी कारखानदार पेढीत ते भागीदार होते आणि ही पेढी सरकारला सैनिकांसाठी विड्या पुरवत होती. सरकारशी कंत्राट असलेला माणूस उमेदवार होऊ शकत नाही, या मुद्द्यावर त्यांची निवड आव्हानात सापडली. त्याच खटल्यात दुसरा धागा होता गंगाराम ठवरे यांचा. राखीव जागेसाठी त्यांनी भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने नाकारला होता, कारण ते महानुभाव पंथात गेले होते. चक्रधरांचा पंथ जातिभेद मानत नाही, मग पंथ स्वीकारलेला महार महार राहिला का?

हा प्रश्न फेब्रुवारी 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि निकालपत्र लिहिले न्या. विव्हियन बोस यांनी. बोस मूळचे नागपूरच्या न्यायालयातले. या मुलखाची त्यांना ओळख होती. न्यायालयाने म्हटले की पंथ घेतला तरी ठवरे यांचे जातीशी नाते तुटलेले नाही, त्यांचा अर्ज चुकीने नाकारला गेला. आणि उमेदवारालाच रिंगणाबाहेर ठेवले गेले असेल तर कुणाला किती मते पडली याला अर्थ उरत नाही. सगळी निवडणूक रद्द झाली, दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. न मोजलेल्या मतांपेक्षा न लढू दिलेला उमेदवार निकालाला जास्त बाधक ठरतो, ही समज आजही आपल्या निवडणूक कायद्यात आहे आणि ती योग्य आहे.

मे 1954 मधल्या पोटनिवडणुकीत आंबेडकर पुन्हा उभे राहिले, जोडीला पुन्हा अशोक मेहता. मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि आंबेडकर 8,381 मतांनी हरले. आपल्या लोकांनी दुसरे मत कुणालाच देऊ नये, ते वाया घालवावे, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असे कार्यकर्त्यांनी सुचवले होते आणि हरलो तरी चालेल पण मत वाया घालवायला सांगणार नाही असे त्यांनी बजावले, असे त्यांच्या अनुयायांकडून सांगितले जाते. मुंबईच्या अर्जात ज्या डावपेचाविरुद्ध ते लवादापुढे उभे राहिले होते, तोच डाव इथे त्यांच्या बाजूने खेळता आला असता.

द्विसदस्य मतदारसंघांचा शेवट झाला तो मात्र आंबेडकरांमुळे नाही. 1957 साली आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात केंद्रातले माजी मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी काँग्रेसतर्फे सर्वसाधारण जागेच्या आशेने उभे होते. इथली राखीव जागा अनुसूचित जमातींसाठी होती. मतमोजणीत पहिले दोन्ही क्रमांक आदिवासी उमेदवारांनी घेतले. सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला राखीव जागा मिळाली आणि उरलेल्यांत पुढे असलेले सुरी दोरा सर्वसाधारण जागेवर विजयी ठरले. गिरी 565 मतांनी मागे पडले.

गिरींचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. सुरी दोरा यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता, तेव्हा त्यांना सर्वसाधारण जागा देता येणार नाही. शिवाय ते आता स्वतःला क्षत्रिय म्हणवतात, म्हणून आदिवासी उरलेच नाहीत. भंडाऱ्यात महार राहिला की नाही, पार्वतीपुरमला आदिवासी राहिला की नाही. पराभूत पक्षाला प्रतिस्पर्ध्याच्या जन्माची चौकशी करावीशी वाटते, हे या काळातल्या निवडणूक अर्जांचे एक ठळक लक्षण. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये बहुमताने गिरींचे म्हणणे नाकारले. सर्वसाधारण जागा सगळ्यांना खुली असते, आदिवासीलाही, असे त्याचे सार होते. निकाल न्याय्य होता, आणि राजकीय पक्षांना तो झोंबला. दोन वर्षांत, 1961 मध्ये, संसदेने द्विसदस्य मतदारसंघ रद्द करण्याचा कायदा केला. राखीव जागांचे मतदारसंघ वेगळे पाडले गेले. एका मतदारसंघातून एकच खासदार. दोन मतांचा घोळ संपला, आणि त्याबरोबर आदिवासी उमेदवाराने खुली जागा अशा रीतीने जिंकण्याची वाटही बंद झाली.

एकसदस्य मतदारसंघाचे गणित साधे असते. ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, तो विजयी. निम्म्या मतांची अट नाही. राजस्थानात 2008 साली नाथद्वारा विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा त्या एका मताची चर्चा देशभर झाली. पण साधेपणाची किंमत एका जागेवर दिसत नाही, ती देशाच्या बेरजेत दिसते. 1952 मध्ये काँग्रेसला सुमारे 45 टक्के मते होती आणि 489 पैकी 364 जागा. समाजवादी पक्षाला साडेदहा टक्के मते आणि 12 जागा, कम्युनिस्टांना सव्वातीन टक्के आणि 16 जागा. कम्युनिस्टांनी थोड्या, निवडक ठिकाणी जोर लावला, समाजवादी देशभर पसरले आणि बहुतेक ठिकाणी दुसरे किंवा तिसरे आले. आजवर कुठल्याही पक्षाला लोकसभेत निम्मी मते मिळालेली नाहीत. 1984 मध्ये काँग्रेसला 400 हून अधिक जागा मिळाल्या तेव्हाही नाही. 2014 मध्ये भारतीय जनता पक्षाने 31 टक्के मतांवर 282 जागा घेऊन स्वबळावर बहुमत मिळवले. ज्या पक्षाची सत्ता असते तो याला जनादेश म्हणतो आणि जो बाहेर असतो तो 69 टक्के विरोधात होते असे सांगतो. दोघांचीही आकडेमोड बरोबर असते. दुसऱ्याची फक्त एका ठिकाणी गफलत होते: 69 टक्के मते एकाच गोष्टीसाठी पडलेली नसतात.

निम्म्याहून अधिक पाठिंबा खरोखर मोजायचा असेल तर मतदाराला दुसरी पसंती विचारावी लागते. आपल्याकडे ते सर्वोच्च पदासाठी केले जाते आणि त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग पुन्हा गिरींच्याच वाट्याला आला. ऑगस्ट 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, ‘अंतरात्म्याच्या आवाजा’प्रमाणे मत द्या या इंदिरा गांधींच्या आवाहनाचे लाभार्थी अपक्ष गिरी, आणि तिसरे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मतमूल्य मिळाले. जिंकायला 4,18,169 हवे होते. साध्या पद्धतीत गिरी तिथेच जिंकले असते. इथे मात्र मागचे उमेदवार एकेक करून बाद करत त्यांची दुसरी पसंती वाटावी लागली. देशमुखांच्या मागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होते. त्यांची बहुतांश दुसरी मते रेड्डींकडे वळली. रेड्डी 4,05,427 वर पोहोचले, गिरी 4,20,077 वर. गिरी जिंकले, पण अंतर 88 हजारांवरून 14,650 वर आले. बहुमताने निवडून आलेला राष्ट्रपती असे म्हणण्याचा हक्क त्यांना या दुसऱ्या मोजणीने दिला, आणि तो किती निसटता होता हेही तिनेच दाखवले.

हा निकालही न्यायालयात गेला. रेड्डींची बदनामी करणारे पत्रक वाटले गेले, असा आक्षेप होता. गिरींनी पदावर असताना सर्वोच्च न्यायालयात स्वतः साक्ष दिली. 1970 मध्ये अर्ज फेटाळले गेले. राष्ट्रपती साक्षीदार म्हणून न्यायालयात बसतो आणि प्रश्नांची उत्तरे देतो, हे या प्रजासत्ताकाच्या इतिहासातले उल्लेखनीय दृश्य आहे. गिरींना त्याचे श्रेय मिळायला हवे तेवढे मिळाले नाही.

महाराष्ट्राला दुसऱ्या पसंतीची चव 10 जून 2022 च्या राज्यसभा निवडणुकीत मिळाली. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची 33 मते होती आणि भाजपचे धनंजय महाडिक यांना 27. आमदार सुहास कांदे यांचे मत मतपत्रिका दाखवल्याच्या आक्षेपावरून बाद ठरले होते. पहाटेपर्यंत मोजणी चालली आणि दुसऱ्या पसंतीवर महाडिक निवडून आले. पहिल्या मतांत मागे असलेला जिंकला कसा, असा प्रश्न त्या दिवशी अनेकांनी विचारला. पक्षांच्या आकडेतज्ज्ञांना उत्तर आदल्या रात्रीच ठाऊक होते.

आणि शेवटी पुन्हा मुंबई. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना 4,52,644 मते मिळाली आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर यांना 4,52,596. अंतर 48 मतांचे. मतदान यंत्रांतली मते पाहिली तर कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांनी निकाल फिरला. इथे वायकरांना बहुसंख्यांचा पाठिंबा होता की कीर्तिकरांना, असे विचारण्यात हशील नाही. इतक्या थोड्या अंतराला मत आणि मोजणीतली चूक यांची रुंदी सारखीच असते. अशा वेळी निकालाचे वजन एकाच गोष्टीवर ठरते: हरलेल्याला मोजणी किती तपासून पाहता येते.

कीर्तिकरांनी मतमोजणी केंद्रातले चित्रीकरण मागितले, ते मिळाले नाही. त्यांची निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये फेटाळली. कायदा अर्जदारावर ओझे टाकतो. चूक झाली एवढे म्हणून भागत नाही, त्या चुकीने निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे नेमक्या तपशिलांसह मांडावे लागते. 1952 मध्ये आंबेडकर आणि मेहतांचा अर्ज ज्या खडकावर आपटला तो हाच. अट मुळात वाजवी आहे, नाहीतर प्रत्येक पराभूत उमेदवार न्यायालयात बसून राहील. पण तपशील मांडा म्हणायचे आणि तपशिलाची कागदपत्रे मात्र द्यायची नाहीत, हे दोन्ही एकाच वेळी चालवणे अन्यायाचे आहे. अर्ज दाखल करायला मुदत निकालापासून 45 दिवसांची आणि नंतर नवे मुद्दे घालायला वाव जवळजवळ नाही.

या बाबतीत 2024 हे वर्ष दोन्ही दिशांनी चालले. 26 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के मतदान यंत्रांची स्मृती तपासून घेण्याची मुभा दिली. निकालानंतर सात दिवसांत अर्ज करायचा आणि खर्च आधी स्वतः भरायचा. 9 डिसेंबरला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणाच्या निवडणुकीतले चित्रीकरण व संबंधित नोंदी एका अर्जदाराला देण्याचा आदेश दिला. त्यानंतर अकराव्या दिवशी, 20 डिसेंबरला, केंद्र सरकारने निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून निवडणूक संचालन नियमांतला नियम 93 बदलला. आधी निवडणुकीची ‘सर्व’ इतर कागदपत्रे लोकांना पाहायला खुली होती. आता नियमांत नमूद असलेलीच खुली राहिली, म्हणजे चित्रीकरणासारख्या विद्युत नोंदी वगळल्या गेल्या. मतदारांच्या खाजगीपणाचे कारण दिले गेले. मतदान केंद्रातल्या चित्रीकरणाबाबत ते पटण्यासारखे आहे. मतमोजणीच्या टेबलावर कुणाचे खाजगीपण धोक्यात येते, याचा खुलासा झाला नाही. काँग्रेसचे जयराम रमेश यांनी त्याच महिन्यात या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.